देवळालीच्या मास्तरांची वजाबाकी

इंग्रजी भाषेत डूलाली असा एक शब्द आहे. डोके ठिकाणावर नसलेल्या माणसाला तो लावतात. शब्द आला आहे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी इथे लष्करी तळ उभारला. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत या तळावर मुक्काम करीत. बोटी ठरावीक मोसमातच सुटत, त्यामुळे कुणाकुणाला महिनोन्महिने थांबावे लागे. नोकरी संपलेली, घर अजून लांब आणि मधल्या दिवसांत करण्यासारखे काहीच नाही. ताप, दारू आणि रिकामपण यांनी अनेकांचे ताळतंत्र सुटत असे. त्या अवस्थेला शिपाई डूलाली टॅप म्हणू लागले. यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुढे तापाचा उल्लेख गळाला आणि गावाचे नाव तेवढे इंग्रजी शब्दकोशात राहिले.

कोरड्या हवेसाठी आणि सॅनेटोरियमसाठी नावाजलेल्या गावाच्या नशिबी असा शब्द यावा, ही गंमतच. पण याच देवळालीत पुढे एक शाळामास्तर राहायला आले. निवृत्तीनंतरची वीसहून अधिक वर्षे त्यांनी काढली, तीही हलाखीत आणि बराच काळ एकट्याने. तरी ते रिकामे कधी बसले नाहीत. त्यांचेही नाव आज जगभरच्या पुस्तकांत आहे, पण अगदी वेगळ्या कारणाने. हे मास्तर म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात तथ्य किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. पोरक्या मुलाला वडिलांकडून मिळाली ती ही आकडेमोडीची गोडी. ठाण्याच्या शाळेत असताना गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन् तास जात. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी पटकावले आणि १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. औपचारिक शिक्षण इथेच संपले. पुढची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्याच सुमारास देवळालीच्या शाळेत नोकरी लागली आणि निवृत्तीपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले.

शाळेबाहेर त्यांचा दुसरा उद्योग चालू असे. सायकलवरून ठिकठिकाणी फिरून ते शिकवण्या घेत, नदीकाठी बसून संख्यांचा विचार करीत. या नादाला ते स्वतःच व्यसन समजत. दारुड्याला जशी नशा उतरू नये असे वाटते तसेच आपले संख्यांच्या बाबतीत होते, असे ते गमतीने सांगत. लोकही त्यांना गणितानंद म्हणत. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर या दिनक्रमात मेंदूला मानवणाऱ्या तीन गोष्टी आपसूक येत होत्या. सायकलमुळे शरीराला व्यायाम मिळे, शिकवण्यांमुळे माणसांत वावरणे होई आणि डोक्यात सतत एखादा न सुटलेला प्रश्न घोळत असे. अर्थात, त्यांनी काही हे प्रकृतीसाठी केलेले नव्हते.

त्यांचे काम समजायला गणिताची पदवी लागत नाही. शाळेतली बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार येत असले की पुरे. कागद-पेन्सिल घ्या. चार अंकी कोणतीही संख्या निवडा, फक्त तिचे चारही अंक सारखे नकोत. मास्तरांच्या निवृत्तीचे वर्ष घेऊ, १९६२. यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले की ९६२१ होतात आणि लहानाकडून मोठ्याकडे मांडले की १२६९. वजाबाकी केली की उरतात ८३५२. आता याच अंकांची पुन्हा तशीच मांडणी करायची. ८५३२ मधून २३५८ वजा केले की येतात ६१७४. पुढे कितीही वेळा हेच करा, उत्तर ६१७४ वरून हलत नाही. सुरुवातीची संख्या कोणतीही असली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत आपण इथेच येऊन पोहोचतो. मधेच तीन अंकी उत्तर आले तर डावीकडे शून्य मांडायचे, एवढीच खबरदारी. मास्तरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर मात्र पूर्ण सात पायऱ्या लागतात. दुपारच्या चहाच्या वेळी करून बघा. मोबाइलवरचे गणकयंत्र वापरले नाही तर पंधरा-वीस मिनिटे छान जातील.

ही गंमत कापरेकरांना १९४६ मध्ये सापडली. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली आणि न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात तिच्यावर लिहिले. आज या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

त्यांचा संसार एवढ्या एका संख्येवर थांबला नव्हता. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे केले तर २० आणि २५, त्यांची बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे पुन्हा २९७. अशा संख्यांना आता कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. मध्य रेल्वेवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर, डेमलो नावाचे स्टेशन होते, आजचे डोंबिवली. तिथे असताना सुचलेल्या संख्यांना मास्तरांनी डेमलो संख्या म्हटले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ही त्यातली सगळ्यात देखणी मंडळी. गाडीची वाट पाहणारा माणूस हल्ली काय करतो, ते फलाटावर उभे राहून पाहावे.

आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सारे पोरखेळ वाटले. उच्च गणिताशी याचा काय संबंध, हा त्यांचा प्रश्न होता. तो अगदीच अन्यायाचा नव्हता, कारण कापरेकरांकडे निरीक्षणे भरपूर असली तरी आधुनिक पद्धतीच्या सिद्धतांचा भाग बेताचा होता. पण प्रश्न विचारणे वेगळे आणि हसणे वेगळे. मास्तरांना हसणाऱ्यांना तोंड द्यावे लागले. मोठ्या नियतकालिकांची दारे फारशी उघडली नाहीत. काही लेख लहानसहान नियतकालिकांत छापून आले, बाकीचे त्यांनी स्वतःच पुस्तिकांच्या रूपाने छापले. त्या पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव असे आणि पत्ता देवळालीतल्या खरे वाड्याचा. मास्तरकीच्या पगारात छपाईचा खर्च सोसणे म्हणजे काय, हे त्या काळच्या शिक्षकांच्या घरांत वाढलेल्यांना सांगायला नको.

१९६२ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कापरेकर निवृत्त झाले.

निवृत्तीने माणसाचे नेमके काय जाते? पगार जातो हे सगळ्यांना दिसते. त्याबरोबर सकाळी उठण्याचे कारण जाते, रोज भेटणारी माणसे जातात आणि डोक्याला कामाला लावणारे छोटे-छोटे प्रसंग जातात. आज कुणाची रजा आहे, कोणाचा कागद अडला आहे, कालचे काम कुठवर आले होते, हे सगळे लक्षात ठेवताना मेंदू न सांगता राबत असतो. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल नावाचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध आहे. शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता निवृत्तीनंतर नोकरीच्या काळापेक्षा वेगाने घटते, असे त्यात आढळले. विचारशक्तीच्या इतर बाजूंवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण निवृत्तीचा दिवस मेंदूच्या दृष्टीने साधासुधा नसतो, एवढे खरे.

मास्तरांच्या बाबतीत नोकरी गेली, पण प्रश्न शाळेचे नव्हतेच, ते त्यांचे स्वतःचे होते. ते घरी आले आणि काम पुढे चालू राहिले. निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये, स्वयंभू संख्यांवरची त्यांची पुस्तिका देवळालीहून निघाली. कल्पना पुन्हा शाळकरी मुलाला समजेल अशी आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. २८ मध्ये २ आणि ८ मिळवले की ३८. अशी एकेक संख्या पुढच्या संख्येला जन्म देते. पण काही संख्या अशा असतात की त्या कुणापासूनच जन्मत नाहीत. २१ ही संख्या १५ पासून मिळते, २० मात्र कशापासूनच मिळत नाही. अशा आई-बाप नसलेल्या संख्येला नाव द्यायचे तर गाभाऱ्यातल्या स्वयंभू पिंडीची आठवण त्र्यंबकेश्वराच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला झाली नसती तरच नवल.

१९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. मास्तर तेव्हा ६१ वर्षांचे होते. जोडीदार गेल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे म्हाताऱ्या माणसाला फार जपावी लागतात. जेवण तुटते, झोप उडते, बोलायला कुणी नसते, आणि उदासीनतेचा आजार विसरभोळेपणाचे सोंग घेऊन येतो. घरचे म्हणतात, आता वय झाले. कित्येकदा ते वय नसते, दुःख असते, आणि दुःखावर उपचार होऊ शकतात. कापरेकरांच्या घरात त्या दिवसांत काय चालले होते, याचा शोध घेणे आपले काम नाही. पण काम थांबले नाही, हे त्यांच्या पुढच्या लेखनावरून दिसते.

पैशाची बाजू मात्र लंगडीच राहिली. मास्तरांची राहणी अगदी साधी होती, तरीही पेन्शन पुरत नव्हती. पोटासाठी त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. यात गोडवा शोधण्याचा मोह आवरलेला बरा. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने आवडीने शिकवणे ही चांगली गोष्ट आहे. शिकवल्याशिवाय भागत नाही म्हणून शिकवणे ही तितकी चांगली नाही. तीन दशके शिकवलेल्या शिक्षकाला म्हातारपणी अशी ओढाताण सोसावी लागली, याची लाज त्या व्यवस्थेला वाटायला हवी होती. तरी डॉक्टर म्हणून एक नोंद करावी लागते. दुसऱ्याला समजावून सांगणे हा मेंदूसाठी अतिशय कसाचा व्यायाम आहे. आपल्याला येते ते पुन्हा मुळापासून उलगडावे लागते, समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो, एक वाट जमली नाही तर दुसरी शोधावी लागते. निवृत्त माणसाने नातवंडाला भागाकार शिकवायला घेतला तर निम्मा फायदा त्याचा स्वतःचाच असतो.

या सगळ्यामागे मेंदूत काय घडत असते? १९८८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कात्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या १३७ जणांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी केली. त्यातल्या दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या आजारात दिसतात तसे डाग भरपूर होते. पण जिवंतपणी ही माणसे तल्लख होती, निरोगी मेंदूच्या सोबत्यांइतकीच. त्यांचे मेंदू वजनाने अधिक भरले आणि त्यांत मोठ्या पेशीही जास्त होत्या. या आणि अशा निरीक्षणांतून मेंदूच्या गंगाजळीची कल्पना पुढे आली. हाताशी शिल्लक असेल तर घर एखादे वाईट वर्ष काढू शकते. तसेच शिक्षण, बुद्धीला खाद्य देणारे काम, माणसांतला वावर यांतून मेंदूची शिल्लक साठत जाते, आणि आजार सुरू झाला तरी लक्षणे दिसायला उशीर लागतो. आपल्याकडचाच दाखला द्यायचा तर हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण अभ्यासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडलेला दिसला. हा फरक शाळेची पायरीही न चढलेल्यांमध्ये आढळला. तेव्हा ही शिल्लक पदवीधरांचीच मक्तेदारी आहे असे कुणी समजू नये.

प्रश्न लहान नाही. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच कुणी काहीतरी सोपा उपाय सांगितला की लोक त्यामागे धावतात. सुडोकू करा, शब्दकोडी सोडवा, अमुक अॅप घ्या. अमेरिकेत ६५ वर्षांवरील सुमारे २८०० जणांवर अॅक्टिव्ह नावाची मोठी चाचणी झाली. स्मरण, तर्क आणि वेग यांचे वेगवेगळ्या गटांना प्रशिक्षण दिले गेले. २००२ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा की ज्याला जे शिकवले त्यात तो सुधारला. बाकीच्या क्षमतांपर्यंत तो फायदा फारसा पोहोचला नाही. सुडोकू करणारा सुडोकूत तरबेज होतो. त्यात वाईट काही नाही, पण किल्ल्या कुठे ठेवल्या हे त्याने आठवेलच असे नाही.

कापरेकरांचा उद्योग यापेक्षा वेगळा होता, आणि फरक नेमका इथे आहे. कोड्याचे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले असते. मास्तर ज्या प्रश्नांमागे होते त्यांची उत्तरे कुठेच छापलेली नव्हती. एक कोडे सुटले की त्यातून दुसरे निघे. जे सापडले ते लिहून काढायचे, छापायचे, परिषदेत किंवा कॉलेजात जाऊन सांगायचे. एवढ्यात स्मरण आले, तर्क आला, भाषा आली, माणसेही आली. हे काम गणिताचेच असले पाहिजे असे नाही. गावातल्या जुन्या बारवांची नोंद करणारा निवृत्त ओव्हरसीअर किंवा साठीनंतर मोडी वाचायला शिकणारी बाई याच पंगतीत बसते.

एक कबुली इथे द्यायला हवी. संख्यांमुळेच मास्तरांची बुद्धी शाबूत राहिली असे सिद्ध करता येत नाही. त्यांचा मेंदू कुणी तपासलेला नाही. शिवाय उलटेही असू शकते; मेंदू मुळात चांगला राहिला म्हणून माणूस काम करीत राहतो. अशा बहुतेक अभ्यासांत कारण कोणते आणि परिणाम कोणता हा गुंता असतोच. आणि नुसत्या वाचन-चिंतनावर भिस्त ठेवून वाढलेल्या रक्तदाबाकडे, साखरेकडे किंवा कमी ऐकू येण्याकडे दुर्लक्ष करणे तर आत्मघातच. लॅन्सेटच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी १४ टाळण्याजोगी कारणे मांडली. ती सगळी दूर करता आली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा आजार लांबवता येतो, असा त्यांचा हिशेब आहे. कमी शिक्षण आणि एकटेपणा त्या यादीत आहे, पण बहिरेपण, मोतीबिंदूसारखी न सुधारलेली दृष्टी, तंबाखूचा धूर, मधुमेह हेही आहे. ज्याला ऐकूच येत नाही तो हळूहळू गप्पांतून उठतो, मग माणसांतून उठतो. कानाचे यंत्र लावायला लाजणाऱ्या आजोबांना हे एकदा नीट समजावून सांगावे.

मास्तरांची कथा १९७५ मध्ये अचानक वळण घेते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सायंटिफिक अमेरिकन या मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर आणि स्वयंभू संख्यांवर लिहिले. गार्डनर हे सदर १९५६ पासून चालवत होते आणि जगभरचे गणितज्ञ ते आवडीने वाचत. गंमत अशी की गार्डनर यांच्याकडेही गणिताची पदवी नव्हती. त्यांनी शिक्षण घेतले होते तत्त्वज्ञानाचे. देवळालीत स्वखर्चाने छापलेल्या पातळ पुस्तिकांची दखल एका बिनपदवीच्या माणसाने घेतली आणि ती जगापुढे ठेवली. कापरेकर तेव्हा ७० वर्षांचे होते. निवृत्तीला १३ वर्षे होऊन गेली होती. ज्यांना इथे पोरखेळ म्हटले गेले त्या संख्यांवर परदेशांतून लेख येऊ लागले.

कौतुकासाठी कापरेकर काम करीत होते असे म्हणता येणार नाही. तसे असते तर ते १९४९ नंतर केव्हाच थांबले असते. पण कौतुक आले तेव्हा ते हाताशी काहीतरी असलेल्या माणसाकडे आले. मधल्या सव्वीस वर्षांत त्यांनी वह्या मिटून ठेवल्या असत्या तर गार्डनर यांच्या हाती पडायला काही उरले नसते.

यानंतरही ते लिहीत राहिले. १९८०-८१ मध्ये मनोरंजक गणिताला वाहिलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात कापरेकर संख्यांवरचा दोन पानी लेख प्रसिद्ध झाला. लेखक म्हणून नाव होते खुद्द कापरेकरांचेच. तेव्हा त्यांची पंचाहत्तरी उलटली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

संगणकाची आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या मुलांना आता ६१७४ चा हा खेळ सरावासाठी देतात. १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासून दाखवते. मास्तरांनी मात्र हे कागदावर, हाताने, एकेक वजाबाकी करीत शोधले होते.